गेटवरची हजेरी आणि सरकलेले डोळे

कारखान्याच्या गेटवर चेहऱ्यावरून हजेरी लावणारी सिस्टीम बसवायचं काम माझ्याकडे होतं. कॅमेरा, सर्व्हर, कामगारांची नोंदणी हे सगळं विनातक्रार पार पडलं. घोडं अडलं ते अलाइनमेंटपाशी, म्हणजे फोटोतला चेहरा ठरलेल्या चौकटीत नीट बसवण्यापाशी. रात्रपाळी सुटली की टोपी घातलेल्यांना, स्कार्फ बांधलेल्यांना मशीन ओळखायचंच नाही. थकलेली माणसं रांगेत ताटकळत, आणि मीटिंगमध्ये एकच पालुपद: मॉडेल बदला!

मॉडेल, म्हणजे चेहरा ओळखणारा प्रोग्राम, आर्कफेस या प्रचलित पद्धतीचं, चांगलं होतं. त्याला चेहरा द्यायच्या आधी दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे असे पाच बिंदू शोधतात. त्यांच्या आधारे चेहरा फिरवून, लहानमोठा करून ११२ × ११२ पिक्सेलच्या चौकटीत बसवतात. त्या चौकटीत दोन डोळ्यांमधलं अंतर जेमतेम ३५ पिक्सेल. बिंदू चारपाच पिक्सेल चुकले तरी चेहरा तिरका बसतो. मॉडेल शिकलेलं असतं नीट बसवलेल्या फोटोंवर, त्यामुळे चेहरे जुळल्याचे गुण घसरतात आणि ओळखीचा माणूस परका ठरतो. नाकारलेल्या फोटोंवर मी ते पाच ठिपके काढले, तेव्हा टोपीच्या सावलीत डोळ्याचा ठिपका भुवईवर गेलेला दिसला. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा, बाकी सगळं नंतर.

पुरावा हवा होता म्हणून चांगल्या फोटोंतले बिंदू मुद्दाम थोडे थोडे हलवले आणि गुण किती उतरतात त्याचा आलेख काढला. तो दाखवल्यावर मॉडेल बदलायची भाषा थांबली.

मग मॉडेलला पुन्हा शिकवलं. प्रत्येक फोटोतले बिंदू किंचित सरकवून, चेहरा थोडा फिरवून, थोडा जवळ-लांब करून. हे प्रमाणातच करा. अति हलवलं तर वेगवेगळ्या माणसांतला फरकही पुसट होतो, म्हणून दोन भिन्न व्यक्तींच्या जोड्याही तपासा. नोंदणीच्या वेळी एकाच फोटोतून चेहरा थोडा थोडा हलवून अनेक तुकडे कापले आणि त्यांच्या एम्बेडिंगची, म्हणजे मॉडेल चेहऱ्यासाठी देतं त्या आकड्यांच्या यादीची, सरासरी साठवली. डीलिब या तयार सॉफ्टवेअर लायब्ररीत ही सोय आहेच. १०० तुकडे घेतले तर वेळही सुमारे १०० पट लागतो, पण नोंदणी एकदाच करायची असते. गेटवर मात्र ते परवडत नाही.

हो, एक राहिलं: नोंदणीला आणि गेटवर अलाइनमेंटचा कोड एकच ठेवा.

आता रात्रपाळीची रांग अडत नाही. पुन्हा शिकवलेलं ते जुनंच मॉडेल अजून चालू आहे, आणि याचा मला अभिमान आहे.