इम्पेलरच्या तीन पाकळ्या

मागच्या वैशाखात नर्मदेवर भुषाच्या धक्क्यापासून वर दीड तासावर, भर दुपारी, आमच्या लाँचवरचा जनरेटर बंद पडला. बंद पडायच्या आधी पाचेक मिनिटं त्याचा आवाज बदलला होता, एरवी सायलेन्सरच्या पाइपातून धुरासोबत पाण्याचे फवारे उडतात फस्स फस्स, ते बंद होऊन कोरडा भड्‌भड्‌ आवाज यायला लागला होता, मी तो ऐकला, पुढे काय होणार ते कळलं नाही, आणि मग टेंपरेचरचा स्विच पडला. डीप फ्रीझरमधे तेव्हा सव्वाशे किलो मासे होते, कटला आणि रोहू, रात्रभर जाळी टाकून काढलेले, तेही माझे नाही, काठावरच्या तीन पाड्यांतल्या लोकांचे.

मोबाईलला रेंज आली संध्याकाळी. मेकॅनिक म्हणाला उद्या निघतो. म्हणजे शहाद्याहून म्हसावद, मग घाट चढून धडगाव, तिथून खाली भुषा आणि मग बोट. तो आला तिसऱ्या दिवशी, अर्धा तास काम केलं, पार्ट बदलला, जाण्यायेण्याचे धरून पैसे घेतले, त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण निम्मे मासे फेकले त्या दिवशी आणि ज्या माणसाचे सगळ्यात जास्त गेले तो मला एक शब्द बोलला नाही, नुसती जाळी घडी करत बसला. ते मला फार लागलं.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरदार सरोवराचं पाणी 2019 साली पहिल्यांदा पूर्ण 138.68 मीटरपर्यंत चढलं, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यातली आपल्या महाराष्ट्राची 33 गावं या बुडितात येतात. जिथे पायवाटा होत्या तिथे आता पाणी आहे, त्यामुळे बाजार, दवाखाना, बाळंतीण, रेशन, मासे, सगळं बोटीनेच. रस्त्यावर गाडी बंद पडली तर मागून कोणीतरी येतं, इथे येईलच असं नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याच्या बोटीवर जनरेटर आहे त्याने त्याची देखभाल स्वतःच्या हाताने करायला शिकलंच पाहिजे.

आणि शिकताना मला कळलं की यातलं निम्मं तर मला लहानपणापासून माहीत होतं. आमचं शेत गोमाईच्या काठाला, आप्पांचं पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन होतं, हँडल मारून सुरू करायचं. त्याच्या पंपाच्या डिलिव्हरीतूनच एक बारीक रबरी पाइप काढून इंजिनाला दिलेला असायचा, ते पाणी इंजिनाभोवती फिरून दुसऱ्या नळीने परत पाटात पडायचं. आप्पा इंजिन सुरू केल्यावर हलायचे नाहीत, त्या नळीखाली तळहात धरून बसायचे. म्हणायचे, "पानी कोमट ऊनं ते चालू दे, चटका बसना ते बंद कर." बोटीवरच्या जनरेटरचं तत्त्व तेच आहे हो, फक्त मधे एक फेरा जास्त. बाहेरचं पाणी बोटीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून येतं, गाळणीतून जातं, रबरी पंप ते खेचतो आणि हीट एक्स्चेंजरमधे ढकलतो, तिथे ते इंजिनातल्या कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, उष्णता घेतं, आणि शेवटी सायलेन्सरच्या बेंडमधे धुरात मिसळून बाहेर पडतं. म्हणून सुरू केल्या केल्या पहिलं काम, मागे वाकून बघायचं पाणी फेकतोय का. नसेल फेकत तर लगेच बंद, चहा नंतर.

तो रबरी पंप म्हणजेच सगळ्या कहाणीचं मूळ. आत इम्पेलर असतं, काळ्या रबराची पाकळ्या पाकळ्यांची चक्री, आमच्याला बारा पाकळ्या. हे पाण्यावरच फिरायला बनवलंय, पाणीच त्याचं वंगण, पाणी नाही मिळालं की मिनिटभरात पाकळ्या भाजून तुटायला लागतात. आमचं असंच झालं होतं, गाळणीत प्लास्टिकची पिशवी आणि पाला बसला होता. मेकॅनिकने नवं इम्पेलर टाकलं, गाळणी धुतली आणि गेला. दोन महिने बरं चाललं पण टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा जरा वर राहायचा, मला चैन पडेना.

मग एका सकाळी मी स्वतः बसलो. आधी तळाचा व्हॉल्व्ह बंद (हे विसरलात तर पाणी बोटीत येणार, म्हणून मी व्हॉल्व्हला लाल चिंधी बांधतो आणि परत उघडल्याशिवाय ती सोडत नाही), बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, आणि ते जुनं इम्पेलर, जे मी सुदैवाने डब्यात ठेवलं होतं, ते हातात घेऊन पाकळ्या मोजल्या. नऊ. म्हणजे तीन पाकळ्या कुठेतरी आत आहेत, आणि त्या शोधल्याच नव्हत्या कोणी. हीट एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण उघडलं, आत पेन्सिलपेक्षा बारीक नळ्यांचा जुडगा असतो, त्यांच्या तोंडावर दोन तुकडे आडवे चिकटलेले, बोटाच्या पेराएवढे, वरून गाळाचा लेप. चिमट्याने काढले. तिसरा दिसेना. सगळ्या नळ्यांत तार फिरवली, नाही. शेवटी पंपापासून येणारा होजपाइप काढून वाकवला, झटकला, आणि बेंडमधे अडकलेला तिसरा तुकडा माझ्या पायावर पडला. तिन्ही तुकडे मी त्या जुन्या चक्रीला लावून बघितले, बसले बरोब्बर. दुपारी जनरेटर लावला तर काटा खाली, जिथे हवा तिथे. तो आनंद मी शब्दात सांगू शकत नाही.

तर इम्पेलर बदलताना जुन्याच्या पाकळ्या मोजा, कमी भरल्या तर सापडेपर्यंत उठू नका. नवं बसवताना साधं ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं, भांडी घासायचं लिक्विड बोटभर लावलं की पुरतं. पाकळ्या ज्या दिशेने पंप फिरतो त्याप्रमाणे वाकवून आत सरकवायच्या. पंपाचं झाकण आतून खरडलेलं असेल, आणि नर्मदेला पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं की खरडतंच, तर उलटं करून लावता येतं, दुसरी बाजू गुळगुळीत असली तर. पावसाळ्यात गाळणी रोज उघडा. रोज म्हणजे रोज.

आता एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. जनरेटर पटकन सुरू होत नसेल तर आपण स्टार्टर मारत सुटतो, बरोबर? इंजिन नुसतं फिरतं, पंपही फिरतो, पाणी सायलेन्सरमधे भरत जातं, पण ते बाहेर फेकायला धूरच नाही. मग ते मागे फिरून थेट सिलिंडरमधे शिरतं आणि इंजिन कायमचं बसतं. म्हणून दोन-तीन वेळा मारून नाही लागलं तर तळाचा व्हॉल्व्ह बंद करा, मग मारा, आणि लागल्या क्षणी उघडा.

बहुतेक वेळा न लागण्याचं कारण डिझेलच असतं. आमच्याकडे डिझेल धडगावहून कॅनमधे येतं, कॅनमधे पाणी, अर्धवट रिकाम्या टाकीतही रात्रीच्या गारव्याने पाणी सुटतं, म्हणून मुक्कामाला टाकी भरून ठेवायची. फिल्टरखालच्या वाटीतून दर आठवड्याला थोडं डिझेल काचेच्या ग्लासात काढतो, पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. फिल्टर बदलला की एअर धरतेच, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकते, मग वरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाची चावी दाबत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. शेतातलं इंजिन ज्याने चालवलंय त्याला हे शिकवायला नको.

ऑइल आणि त्याचा फिल्टर आमच्या पुस्तकात दर 100 तासांनी लिहिलाय, ते पाळतो, वहीत तास लिहितो. बाकी बेल्ट, क्लॅम्प, कूलंट हे डोळ्याने बघायचं काम आहे.

हीट एक्स्चेंजरमधे एक बोटाएवढी धातूची कांडी असते, ती गंजते म्हणून बाकीचं वाचतं. दुकानात जस्ताचीच हातात देतात कारण समुद्रातल्या बोटींना तीच लागते, पण आपलं पाणी गोडं, गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ती निकामी होते. मॅग्नेशियम नाहीतर ॲल्युमिनियमची मागा. पहिली दोन वर्षं आमची कांडी जशीच्या तशी निघायची आणि मला वाटायचं किती छान.

नुसत्या दोन बल्बसाठी रात्रभर डिझेल जनरेटर चालवू नका, लोड नसला की डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सर ओला काळा होतो, सिलिंडर आतून घासून चकाकतो आणि इंजिन ऑइल खायला लागतं. बल्ब बॅटरीवर घ्या आणि जनरेटर फ्रीझर चालवताना लावा.

आणि हात जोडून सांगतो, पाऊस आला म्हणून पेट्रोलचा छोटा जनरेटर ताडपत्रीखाली किंवा केबिनच्या दाराशी घेऊन झोपू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. भिजला जनरेटर तर भिजू दे.

डिझेल पंप, नोझल आणि अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज बनवणाऱ्या, बाजूचं वायरिंग मी उघडत नाही, ते मेकॅनिकचं काम, त्यानेच करावं.

यंदा त्या जाळी घडी करत बसलेल्या माणसाचाच पोरगा माझ्यासोबत लाँचवर असतो, पावरा आदिवासी आहे, सोळा-सतरा वर्षांचा. सकाळी जनरेटर लावला की मी सांगायच्या आधी तो मागे जाऊन वाकून बघतो आणि हात वर करतो. काल त्याने हात वर केला नाही. मी बंद केला, गाळणी उघडली, आत मूठभर शेवाळ. पाच मिनिटांचं काम. गुरुवारी बाजाराला शहाद्याला जाणार आहे, दोन इम्पेलर आणि झाकणाच्या चार ओ-रिंग (रबरी कड्या) आणायच्या आहेत, कोणाला अजून काही मागवायचं असेल तर बुधवार संध्याकाळपर्यंत धक्क्यावर सांगा.