कढीपत्त्यावरच्या अळ्या

पाऊस एकदा स्थिरावला की हा प्रश्न सुरू होतो. दादरच्या चाळीतल्या गॅलरीतून येतो, मुलुंडच्या पंधराव्या मजल्यावरून येतो: “कढीपत्त्याला अळ्या पडल्यात, काय फवारू?” तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काहीही फवारू नका. कडुनिंबाचं तेलसुद्धा नको.

ती फुलपाखराची अळी आहे. बहुधा कॉमन मॉरमॉनची, नाहीतर लाइम बटरफ्लायची. या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात: लिंबू, कढीपत्ता, बेल. शेजारचा मनीप्लांट किंवा जास्वंद त्यांना चालत नाही. मादी पुढच्या पायांनी पानाची चव घेते, झाड हेच याची खात्री करते आणि मगच कोवळ्या पानावर बारीकसं पिवळसर अंडं चिकटवते. एवढ्या इमारतींमधून तिनं तुमची एक कुंडी हुडकून काढली, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

लहानपणी अळी तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याची शीट. त्यामुळे ती तुमच्या नजरेला पडत नाही, बुलबुलाच्याही नाही. पुढे कात टाकून हिरवी होते आणि तेव्हाच मला फोन येतात. तिला हलकेच बोट लावा. डोक्यामागून लालसर-नारिंगी दुबेळकं बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. ती चावत नाही, खाजही येत नाही.

मग एक दिवस ती दिसेनाशी होते. शोधा. ग्रिलच्या दांडीवर, कुंडीच्या काठाखाली, एखाद्या काडीवर स्वतःभोवती रेशमाचा धागा बांधून कोष टेकलेला सापडेल. हिरवळीत हिरवा, सुक्या काडीवर तपकिरी. फुलपाखरू बहुतेकदा सकाळी बाहेर येतं आणि पंख वाळेपर्यंत लटकून राहतं. तेवढ्या वेळात खिडकी पुसू नका. कधी कोषातून फुलपाखराऐवजी इवल्याशा गांधीलमाश्या निघतात, त्यांनी अळीतच किंवा कोषातच अंडी घातलेली असतात. मुलं हिरमुसतात. त्यांना तेही दाखवा, अळ्या आवरायला निसर्गाकडे आधीच कोणीतरी आहे हे त्यांना कळू दे.

२०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉनही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. तेव्हा एक लिंबूही लावा.

आणि कढीपत्त्याचं काय? चांगलं मुरलेलं झाड ओकंबोकं झालं तरी पुन्हा फुटतं. पावसात तर भराभर फुटतं. रोप अगदी वीतभर असेल तर मात्र एखादीच अळी ठेवा, बाकीच्या पानासकट उचलून खालच्या लिंबाच्या झाडावर सोडा. फोडणीची पानं तोवर भाजीवालीकडून घ्या, कोथिंबिरीबरोबर ती देतेच.