ठिणगी रस्ता ओलांडते

"आगीकडं काय बघताय? तिच्या म्होरं बघा!"

काल संध्याकाळी साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात ओल्या डहाळ्यांनी वणवा झोडपणारे एक आजोबा ओरडले. बाकी मंडळी मोबाईल धरून ज्वाळा टिपत होती. (व्हिडिओला लाइक चिक्कार आलेत म्हणे.)

म्होरं म्हणजे डांबरी रस्त्यापलीकडं. तिथल्या वाळक्या गवतात ताटलीएवढी जागा धुमसत होती. मधे अख्खा रस्ता, तरी!

आगीवरची तापलेली हवा वर उसळते, पेटलेली पानं, सालीचे तुकडे घेऊन. मग वारा नेईल तिकडं. गवताची ठिणगी लवकर विझते. साल, लाकडाचा ढलपा मात्र बराच वेळ धुमसतो आणि लांबवर जातो. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९च्या वणव्यात निलगिरीच्या जळत्या सालींनी ३० किलोमीटर पुढं नव्या आगी लावल्या होत्या. तीस! म्हणजे साताऱ्यात पेटलं आणि ठिणगी पार वाईच्या आसपास.

आपण जाळरेषा काढतो, म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करतो, ती जमिनीवरून सरकणाऱ्या आगीसाठी. उडून जाणारीला ती कशी अडवणार? आजोबा विझवता विझवता सारखे पलीकडं बघत होते, ते यासाठीच.

तुमच्याकडं वणवा विझवताना रेषेपलीकडं, वारा जातो त्या बाजूला, कुणी उभं राहतं का?