कुटार आणि खाजकुयरी

खाजकुयरीच्या शेंगेवर तपकिरी, मखमली लव असते. दिसायला इतकी देखणी की हात लावावासा वाटतो आणि लावला की माणूस नाचतो. आमच्या यवतमाळकडच्या शिवारात नाल्याकाठच्या झुडपांवर थंडीत या शेंगा लोंबायच्या. खाज सुटली की जुनी माणसं शेण चोळायला सांगत.

मी चौथीत असताना कोणीतरी ही लव गुरुजींच्या खुर्चीवर टाकली. गुरुजी बसले, उठले आणि तडक बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात निरगुडीची ओली छडी होती. वर्गभर फिरलेली त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली, कारण मी मान खाजवत होतो.

तेव्हा खळ्यावर तूर निघत होती. सकाळीच मी कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या, ढिगात मनसोक्त लोळून आलो होतो. तुरीचं कुटार अंगाला कसं चावतं, हे त्यात लोळलेल्यालाच ठाऊक.

“गुरुजी, म्या नाही टाकली.”

“मंग तुलेच काऊन खाज सुटली?”

यावर काय बोलणार? दर १ ऑगस्टला टिळकांच्या शेंगांचं भाषण शाळेत मीच ठोकायचो. पण त्यांच्या शेंगा निदान भुईमुगाच्या होत्या. मी मुकाट कोंबडा झालो. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतल्या मारावर बंदी आणली. आम्ही तोवर शाळेतून कधीच बाहेर पडलो होतो.

छड्यांचं तसं काही वाटलं नाही. त्या सगळ्यांनाच पडत, रोज कोणाची ना कोणाची पाळी असायचीच. जिव्हारी लागलं ते घरी. मी रडत रडत सगळं सांगितलं, मानेवरचे लाल चट्टे दाखवले, कुटाराची साक्ष काढली. माय चुलीपुढून हललीसुद्धा नाही. “काही केल्याबिगर गुरुजी कायले मारतीन?” बाबांनी तर उलट गुरुजींचीच चौकशी केली, खाज थांबली का म्हणून. त्या रात्री मी जेवलो नाही. रुसव्याकडे कोणी लक्ष देत नाही म्हटल्यावर उशिरा उठून भाकर खाल्ली, ती गोष्ट वेगळी.

परवा गावात एका तेरवीला पंगत बसली होती. वरण वाढता वाढता माझ्या वर्गातल्या एकानं हसत हसत कबूल केलं, “अबे, ते खाजकुयरी म्या टाकली होती!” सगळी पंगत हसली. मी घाईघाईनं मायकडे पाहिलं. आता तिचं वय झालंय, पण कान शाबूत आहेत.

“असन,” ती म्हणाली, “पण तू तरी कुठं गरीब होता?”