वटवाघूळ, कुत्रा आणि भूत

प्राण्यांकडे म्हणे आपल्याला नसलेली गूढ शक्ती असते, कुत्र्याला तर भूतही दिसतं. हे ऐकल्यापासून आज दिवसभर डोक्यात वटवाघूळ घोळतंय. इटलीच्या लाझारो स्पालांझानी या शास्त्रज्ञानं 1793 मध्ये आंधळी केलेली वटवाघळं खोलीत सोडली, तरी ती कशालाही न धडकता उडत राहिली. (प्रयोग क्रूरच. वाचतानाही नको वाटतं.) मग जिनिव्हाच्या ज्युरीननं त्यांच्या कानांत बोळे घातले, तेव्हा मात्र ती धडपडली. कानांनी वाट शोधणं? विद्वानांनी ते हसण्यावारी नेलं. अमेरिकेच्या डोनाल्ड ग्रिफिननं वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज यंत्रावर पकडले, ते 1938 मध्ये. त्या आवाजांचे पडसाद ऐकूनच ती वाट काढतात. जवळजवळ दीड शतक ही 'गूढ शक्ती' तशीच लटकत राहिली!

गूढ शक्तीपेक्षा, इंद्रियं फुकट मिळत नाहीत, हे मला जास्त पटतं. डोळा आणि त्यामागचा मेंदू पोसायला ऊर्जा लागते. मेक्सिकोतल्या अंधाऱ्या गुहांमधल्या माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या झिजत गेले आणि शेवटी गेलेच. आपले पूर्वज दिवसा वावरणारे, त्यामुळे आपल्याकडे तीन रंगांची नजर आली. वासाचं खातं मात्र आटलं: गंध ओळखणारी आपली चालू जनुकं सुमारे 400, उंदराची हजारावर.

आता ते कुत्रं रिकाम्या कोपऱ्याकडे बघून भुंकतं ते. त्याला भूत दिसतं म्हणे. आपला कान 20,000 हर्ट्झला (सेकंदाला तेवढी कंपनं) थकतो, कुत्र्याचा 45,000 च्या आसपास जातो आणि उंदीर एकमेकांशी त्या वरच्या पट्टीत बोलतात. भिंतीमागे उंदीर असेल, हा माझा अंदाज. भुताइतका रंगतदार नाही, कबूल.

पण 'मागे कुणीतरी आहे' असं आपल्यालाही वाटतंच की. ते मी खोटं मानत नाही, फक्त त्याचं श्रेय भुताला देत नाही. गवत सळसळलं आणि वाघ समजून पळालो, तर दम लागेल एवढंच. वारा समजून बसलो आणि वाघ निघाला, तर पुढची पिढीच नाही. अशा हिशेबात घाबरटच टिकणार.

तरी सगळंच सुटलंय असं नाही. स्थलांतर करणाऱ्या कितीतरी पक्ष्यांना पृथ्वीचं चुंबकत्व कळतं, हे प्रयोगांतून दिसलंय. कशानं कळतं, डोळ्यांतल्या प्रथिनानं की आणखी कशानं, यावर अजून भांडणं चालू आहेत. गंमत म्हणजे या पक्ष्यांना कुणी मांत्रिक म्हणत नाही.