पुणे ते दिगलीपूर, कागदावर

आजचा अख्खा रविवार कोथरूडच्या घरात अंदमानचा नकाशा पसरून गेला. पाच दिवसांत श्री विजयपुरम (आधीचं पोर्ट ब्लेअर) ते उत्तर अंदमानातलं दिगलीपूर, जवळपास 325 किलोमीटर. आपण म्हणतो, पुण्याहून गोव्यापेक्षाही कमीच की! पण इथे अंतरावरून वेळ ठरत नाही.

खरी मेख जिरकाटांगला आहे. तिथून पुढे जारवा या आदिवासींचं राखीव जंगल, आणि गाड्या ठरलेल्या वेळीच ताफ्याने सोडतात. पहिला ताफा पहाटेचा. तो चुकला की पुढच्यापर्यंत ताटकळायचं आणि दिवसाचं गणित कोसळायचं. वाटेत थांबायचं नाही, फोटो नाही, खाऊ देणं तर नाहीच. हे नियम मनापासून पाळावेत, तो रस्ता त्यांच्या घरातून जातो.

मिडल स्ट्रेट या खाडीवर गाडीसकट बार्जवरून (गाड्या नेणारी सपाट बोट) बाराटांग बेटावर. पुढची खाडी आता पुलावरून ओलांडता येते, त्यामुळे जुन्या माहितीतली दुसरी बार्जची फेरी वेळापत्रकातून काढून टाका.

दिगलीपूरजवळच्या रॉस आणि स्मिथ बेटांमधली वाळूची वाट ओहोटीलाच उघडी पडते. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघा, मग मुक्कामाची तारीख ठरवा. उलटं केलंत तर नुसतं पाणी दिसेल.

हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चारनंतरचं काही ठरवू नका. रोख पैसे जवळ हवेत. आणि परतीच्या विमानाआधीचा एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, समुद्र खवळला की बोटी बंद होतात.