सातवे पान: ‘धडाम्’ गेले, रेघ उरली

कारगिल युद्धातल्या माझ्या आठवणींवर मी जे कॉमिक काढतो आहे, त्याचे सातवे पान अखेर मार्गी लागले आहे. गेल्या दोन नोंदींत ज्याच्या नावाने मी बोटे मोडत होतो, ते हेच पान: जून 1999, द्रास, आमच्या बोफोर्स तोफेच्या गनपोझिशनजवळ, म्हणजे तोफ मांडलेल्या जागेजवळ, शत्रूचा गोळा येऊन पडतो.

अडचण चित्राची नव्हती, आवाजाची होती. पहिल्या आराखड्यात मी काटेरी अक्षरांत पॅनेलभर (म्हणजे चित्राच्या चौकटीभर) ‘धडाम्’ लिहिले आणि पान बालमासिकातल्या हाणामारीसारखे दिसू लागले. अक्षरे बारीक केली, तर सुतळी बॉम्ब वाजल्यासारखे वाटे. मुळीच लिहिली नाहीत, तर वाचकाची नजर तिथे न थांबता पुढे जाई. जपानी कॉमिक्समध्ये शांततेलाही ‘शीऽऽन’ असा ध्वनिशब्द असतो, म्हणून ‘सुन्न’ लिहून पाहिले. परंतु तो शब्द वाचकाला काय वाटावे ते सांगतो, माझ्या कानांना काय झाले ते सांगत नाही. सुमारे 43 किलोचा एकेक गोळा भरत 155 मिलिमीटरच्या तोफेशेजारी दिवस काढलेल्या माणसाला जवळचा स्फोट ऐकू येतोच असे नाही. छातीवर धक्का बसतो आणि मागे उरते ती कानातली बारीक, अखंड शिट्टी, जी रात्री पंखा बंद केला की मला आजही ऐकू येते.

गेल्या रविवारी नात शुद्धलेखन लिहीत बसली होती. आधी ओळीतली सगळी अक्षरे काढायची आणि मग पट्टी धरून वरची रेघ एका दमात मारायची, ही तिची पद्धत. एकदा तिचा हात थांबला नाही आणि रेघ समास ओलांडून वहीच्या कडेपर्यंत गेली. मी तसाच उठून टेबलापाशी गेलो. ‘धडाम्’ची अक्षरे पुसली, शिरोरेषा तेवढी ठेवली. आता ती स्फोटाच्या पॅनेलमधून निघते, गटर (दोन पॅनेलमधली मोकळी पट्टी) ओलांडते आणि पुढच्या चारही पॅनेलमधून सरळ जाते. जवानांच्या संवादांची अक्षरे तिला लोंबकळतात आणि एकेक करून गळतात.

शाई चढवताना दोन पाने वाया गेली, कारण पट्टीखाली शाई शिरून रेघ फुटली. पट्टीच्या खालच्या बाजूस दोन नाणी चिकटवून ती कागदापासून उचलल्यावर हा प्रश्न सुटला. कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रांचा जाड कागद, मात्र यापुढे त्या दुकानातून आणणार नाही. दुकानदार जाड म्हणून जे देतो, ते शाई टिपकागदासारखे पिते. डोंगरउतारावरच्या दाट रेघा मनासारख्या उतरल्या, हे समाधान आहे. पार्श्वभूमी छायाचित्रासारखी आणि चेहरे साधे ठेवण्याची युक्ती अर्थात जपानी कॉमिक्सकार शिगेरू मिझुकी यांची, ज्यांनी दुसऱ्या महायुद्धात रबौलच्या आघाडीवर डावा हात गमावला होता.

एवढे लिहून झाले आणि त्या दिवशी माझ्या शेजारी असलेल्या जोडीदाराचा फोन आला. पानाचा फोटो त्याला सकाळीच पाठवला होता. तो म्हणाला, “अरे, तू गप्प कुठे होतास? माझं नाव घेऊन केवढ्यांदा ओरडलास!” मला हे अजिबात आठवत नाही.

इथे ‘माउस’मधली, म्हणजे आर्ट स्पीगलमन यांनी वडिलांच्या नाझी छळछावणीतल्या आठवणींवर काढलेल्या कॉमिकमधली, ऑशविट्झ छावणीच्या फाटकाजवळची जागा आठवली. कैदी कामाला निघत तेव्हा तिथे वाद्यवृंद वाजे, हे मुलाने वाचलेले असते. वडिलांना आठवते ती फक्त कूच. चित्रात वाद्यवृंद आहे, पण चालणाऱ्या कैद्यांच्या रांगेने तो जवळजवळ झाकला आहे. दोघांपैकी कोणालाही खोटे न ठरवता दोन्ही गोष्टी एका चौकटीत बसवल्या आहेत.

म्हणजे तिसरे पॅनेल पुन्हा काढणे आले. जोडीदाराचे नाव त्याच शिरोरेषेखाली लिहायचे आणि उडालेल्या धुळीच्या रेघांनी ते झाकून टाकायचे, असे ठरवले आहे. त्याच्या नावात एक वेलांटी आहे. ती रेघेच्या वर येते, म्हणून तेवढी उघडी राहील.